मागच्या सालची सुई

(वाशीममधल्या एका खासगी दवाखान्याचा पहिला मजला, ऑगस्टमधली दुपार. आत अनसिंगचे निवृत्त पोस्टमन देवानंद ऑक्सिजनवर आहेत. बाहेरच्या बाकावर त्यांची मुलगी वैजयंती. ती एसटीत कंडक्टर आहे आणि ड्यूटीवरून थेट आल्यामुळे अजून खाकी गणवेशातच आहे. समोर अनसिंगचा मेडिकलवाला हसनैन. सांगायची गोष्ट त्याच्या ओठाशी येते आणि परत जाते, म्हणून तो एका जागी बसू शकत नाही.)

वैजयंती : बस म्हटलं ना हसनैन. चौथ्यांदा उठला तू. त्या खिडकीतून काय पाहून राह्यला?

हसनैन : काही नाही ताई. गाडी आडवी तं नाही लागली, ते पाह्यलं.

वैजयंती : गाडी हाय तिथंच हाय. चहाबी तसाच थंडा केला. चार दिवस झाले, दुकान बंद ठेवून रोज येऊन राह्यला तू. माहा सख्खा भाऊ पुन्यावरून परवा येनार हाय अन् तू इथं राबून राह्यला. मी साऱ्यायले सांगतलं, हसनैननं गाडीत घालून आनलं म्हनून बाबा इथपर्यंत पोचले.

हसनैन : ते नका सांगू कोणाले.

वैजयंती : काहून?

हसनैन : नका सांगू, बस. ऑक्सिजन किती म्हणाली सिस्टर?

वैजयंती : नव्वद. सकाळी सत्त्याऐंशी होता. मधी एकडाव ब्यान्नव दाखवला, मंग पुन्हा उतरला. मी त्या मशीनकडं पाहनंच सोडून देल्लं. पाह्यलं की वाटते, मी पाह्यलं म्हनूनच उतरला.

हसनैन : आणि डॉक्टर?

वैजयंती : त्यायनं बसवून सांगतलं. नाकातलं तपासाले पाठवलं होतं ना, त्यात फ्लू निघाला. म्हने, तरुनपनी टीबीनं एक फुप्फुस खाल्लेलं, म्हनून यायले जड गेला. अन् पयल्या दोन दिवसात आनलं असतं तं गोळ्यायचा जास्त उपेग झाला असता, आपुन पाचव्या दिवशी आनलं. मंग मले विचारलं, लस घेतली होती का? मी म्हटलं, दरसाली घेतात. जूनमधी घेतली. एकटे नाही, गावातले चार जन संग घेऊन जातात. तं ते म्हने, होते कधीकधी असं.

हसनैन : एवढंच म्हणाले?

वैजयंती : एवढंच. पन गावातले लोक थोडी एवढ्यावर थांबतात? काल स्टँडवर एक जन मले म्हनते, तुह्या बापानं साऱ्या गावाले सुया टोचायले लावल्या अन् सोताच पडला. हासून म्हनला वरून. बाबा बरे होतीन तवा ह्येच आयकतीन. मले त्याचीच जास्त आग लागते.

हसनैन : ताई, ती सुई मागच्या सालची होती.

वैजयंती : कोनती?

हसनैन : काकाले जूनमध्ये जी दिली ती. माझ्या दुकानातली. मागच्या मोसमाचा माल होता.

वैजयंती : म्हंजे मुदत सपली होती?

हसनैन : नाही. मुदत होती. महिनाअखेरपर्यंतची होती. फ्रिजमध्ये बराबर थंडी होती, लाईट गेली तर इन्व्हर्टर होता. माल खराब नव्हता.

वैजयंती : मंग झालं तं. खराब नव्हता, मुदत होती. तू उगाच जीवाले लावून घेऊन राह्यला. बस, चहा पे.

हसनैन : तुमाले समजलंच नाही मी काय बोललो.

वैजयंती : काय समजायचं हाय त्यात?

हसनैन : तेच सांगतो. नाही सांगितलं तर तुमी मले चांगलाच म्हणत राहाल, अन् ते मले आता सहन होत नाही. मले सांगा, काका दरसाली सुई काहून घेतात? एकदा घेतली अन् झालं, असं काहून नाही?

वैजयंती : म्या विचारलं होतं एकडाव बाबाले. गोवरची सुई लहानपनी घेतली, ते जनमभर पुरली. मंग ह्यालेच दरसाली काहून? ते म्हनले, हसनैन म्हनते म्हनून.

हसनैन : हसनैन म्हणते म्हणून. हं.

वैजयंती : सांग ना मंग.

हसनैन : लस म्हणजे शरीराले दाखवलेली ओळख. हा दुश्मन असा दिसते, आला की धर. गोवरचा विषाणू पन्नास साल झाले तरी ओळखू येते, त्याचा चेहरा तसाच राहते. फ्लूचं तसं नाही. तो अंगात गेला की आपल्यासारखे लाखो बनवते, अन् बनवताना चुका करते. घाईत नक्कल केल्यासारखं. बहुत चुका बेकार जातात. पण एखादी चूक अशी होते की त्याचा वरचा चेहरा जराक बदलते, अन् मग शरीर त्याले लवकर ओळखत नाही. मग तोच पसरते. सालभरात एवढा फरक पडू शकते की जुनी ओळख पुरत नाही.

वैजयंती : पासवरच्या फोटोसारखं.

हसनैन : कसं?

वैजयंती : म्हाताऱ्या मानसायचा सवलतीचा पास असते ना. फोटो पंधरा सालाआंधीचा, तवा मिशी, काळे केस. अन् समोर बसलेला टकला, दात पडलेला. मी एकदा फोटो पाह्यते, एकदा त्याच्याकडं. ओळखू येते शेवटी. पन येळ लागते.

हसनैन : तेच ताई. बिलकुल तेच. जुन्या सुईनं शरीर ओळखत नाही असं नाही. पण वेळ लागते. अन् ज्याले एकच फुप्फुस हाय त्याच्याकडं तेवढा वेळ नसते.

वैजयंती : हं. पुढं बोल.

हसनैन : म्हणून लस दरसाली नवी करतात. देशोदेशीच्या लॅबमध्ये आजारी लोकायचे नमुने तपासतात, आपल्या पुण्यातही तपासतात. कोणता चेहरा जास्त फिरून राह्यला ते पाहतात. मग सालातून दोनदा जगातले जाणकार बसतात अन् ठरवतात, पुढच्या मोसमाच्या लसीत कोणते घ्यायचे. बनवायला सहा महिने लागतात, म्हणून आधीच ठरवावं लागते.

वैजयंती : म्हंजे अंदाजच झाला तो.

हसनैन : अंदाजच. कधी चुकतेही. पण नुसती हवेतली गोष्ट नाही ती. मागच्या अन् ह्या लसीत चार चेहऱ्यातला एकच बदलला होता. बाकीचे तेच. डब्बा तोच, कंपनी तीच, फक्त कोपऱ्यात बारीक अक्षरात साल वेगळं. अन् जो चेहरा बदलला होता, काकाच्या रिपोर्टात त्याच जातीचा फ्लू निघाला. मी काल पाह्यला रिपोर्ट. तवापासून मले बसता येत नाही.

वैजयंती : तुले हे जूनमधी माईत होतं?

हसनैन : डब्ब्यावरचं साल माहीत होतं.

वैजयंती : तरी देल्ली.

हसनैन : तरी दिली. कशी दिली ते सांगतो, ते आयकून तुमाले जे म्हणायचं ते म्हणा. काका मे महिन्याच्या आखरीले आले, चार जण घेऊन. ग्यानबाकाका, कस्तुरामावशी, अन् तांड्यावरचे सेवालाल अन् सुंदरबाई. मी म्हटलं, नवा माल पुढच्या आठवड्यात येते. गेले परत. पुढच्या आठवड्यात पुन्हा आले, पाचही जण. माल नव्हता आला. पुन्हा परत पाठवले. तिसऱ्यांदा आले तवा ऊन असं होतं की सुंदरबाई दुकानाच्या पायरीवरच बसली. ती आधीच यायले तयार नव्हती, म्हणत होती, ह्या पोराजवळ काही नसते, उगाच चकरा मारायले लावते. काका तिले समजावून राह्यले होते की हसनैन तसा नाही. ते सारं मी काउंटरमागून आयकून राह्यलो होतो. फ्रिजमध्ये मागच्या मोसमाचे पाच डब्बे होते. बराबर पाच. माझ्या तोंडातून निघालं, आला माल, काका. बाजूच्या दवाखान्यातल्या सिस्टरनं टोचून दिल्या. तिनं मुदत पाह्यली, साल नाही पाह्यलं.

वैजयंती : शरम वाटली म्हनून.

हसनैन : शरम वाटली म्हणून. अन् मनाले समजावलं की काही नसण्यापरीस बरी. ते खोटंही नव्हतं.

वैजयंती : नवा माल कधी आला मंग?

हसनैन : नऊ दिवसांनी.

वैजयंती : नऊ दिवसांनी. अन् आज कोनता म्हैना हाय?

हसनैन : ऑगस्ट.

वैजयंती : मंग तवा काहून नाही बोलावलं त्यायले? तवा तं शरमेची गोष्ट नव्हती. म्हनायचं, काका, चूक झाली, या, दुसरी घ्या. दुसरी घेतली असती तं चाललं नसतं का?

हसनैन : चाललं असतं. डॉक्टरले विचारून देता आली असती. रोज सकाळी शटर उघडताना म्हणायचो, आज फोन करतो. मग गिऱ्हाईक यायचं. मग दुपार व्हायची. मग वाटायचं, एवढे दिवस गेले, आता सांगितलं तर म्हणतील आधी काहून नाही सांगितलं. जितका उशीर होत गेला तितकं जड होत गेलं. काका रोज सकाळी पेपर वाचाले दुकानात येत, बाकावर बसत, अन् मी त्यायच्याशी पिकापाण्याच्या गोष्टी करत होतो.

वैजयंती : उठ इथून.

हसनैन : हो.

वैजयंती : नाही, थांब. जाऊ नको. माहं झालं नाही अजून. मले एक सांग. नवी देल्ली असती तं बाबा पडले नसते?

हसनैन : सांगता येत नाही.

वैजयंती : हो का नाही, ते सांग.

हसनैन : नाहीच सांगता येत ताई. नवी घेऊनही लोक पडतात. म्हाताऱ्या शरीरात लस तेवढी चढतही नाही. पण घेतलेल्याले बहुतेक कमी त्रास होते, दवाखान्यापर्यंत कमी लोक येतात. काका कमी त्रासात निघाले असते का, माहीत नाही. शायद निघाले असते. ते शायदच मले खाऊन राह्यलं.

वैजयंती : मले तुह्यावर राग करायचा हाय, अन् तू तोबी मले पुरा करू देऊन नाही राह्यला.

हसनैन : करा ना. मी काही म्हणणार नाही.

वैजयंती : चार दिवस झाले, साऱ्या डेपोत सांगून राह्यली मी, मेडिकलवाल्या पोरानं बापासारखं पाह्यलं. ड्रायव्हर म्हनते, असा शेजारी पायजे. अन् तू इथं औषधं आनून देत होता, माह्यासाठी डबा आनत होता, सायाबीनच्या वड्याची भाजी बायकोनं खास केली म्हनत होता. ते कायच्यासाठी होतं मंग?

हसनैन : ते त्याच्यासाठीच होतं.

वैजयंती : गप राह्यला असता तं मले कधीच समजलं नसतं. डॉक्टरलेबी नसतं समजलं. कायले सांगतलं मंग?

हसनैन : तुमी मघाशी स्टँडवरची गोष्ट सांगितली ना, तसंच माझ्या दुकानात बोलून राह्यले लोक. दोन जण काल नवी सुई घ्यायले येणार होते. आले नाहीत. निरोप पाठवला, देवानंदनं सुई घेऊन काय कमाई केली? मी गप राह्यलो तर लस बदनाम होते अन् काका खोटे पडतात. अन् ते चार जण अजून फिरून राह्यले, आपल्याले सुई झाली म्हणून बेफिकीर. कस्तुरामावशीले दमा हाय. पाऊसकाळ अजून सरला नाही.

वैजयंती : त्यायले सांगतलं?

हसनैन : नाही. पह्यले तुमाले.

वैजयंती : मले काय सांगतं. ज्याच्या दंडात टोचली त्याले सांग. सिस्टर हात करून राह्यली पाय, एका जनाले आत सोडते म्हने. तू जाय.

हसनैन : आत्ता? ताई, त्यायची हालत…

वैजयंती : बोलतात ते. हळू बोलतात, पन बोलतात. सकाळी मले म्हनले, वर्दीवर इस्तरी नाही. जाय. मी दारात उभी राह्यते. त्यायले त्रास होऊन राह्यला असं दिसलं तं मीच बाहेर काढीन तुले.

हसनैन : काका. मी हसनैन.

देवानंद : दिसते मले. मास्क तोंडावर हाय, डोयावर नाही.

हसनैन : कसं वाटते?

देवानंद : छातीवर… पोतं ठेवल्यावानी. कालपरीस बरं. दुकान कोन पाह्यते?

हसनैन : बंद हाय. काका, जूनमध्ये जी सुई दिली ती नवी नव्हती. मागच्या मोसमाची होती. नवा माल आला म्हणून मी खोटं बोललो. तुमी तिसऱ्यांदा आले होते, मले शरम वाटली. फ्लू सालोसाल बदलते, ते मीच तुमाले सांगितलं होतं, अन् मीच जुनी दिली. नंतर नवी आली तरी बोलावलं नाही. माझी गलती हाय. तुमी बोलू नका, दम लागन. मले फक्त सांगायचं होतं.

देवानंद : किती जन… होतो आपुन?

हसनैन : पाच.

देवानंद : सुंदरबाई येत नव्हती. दोनदा तांड्यावर गेलो मी. म्हटलं, मीबी घेतो, तूबी घे.

हसनैन : हो काका.

देवानंद : त्यायले माईत हाय?

हसनैन : नाही अजून.

देवानंद : मी चौतीस साल डाक वाटली. नौकरी लागल्याचं पत्र… कोनीबी वाटते. कोनाचा पोरगा गेला, त्याची तार असे. दारात उभं राहून वाचून दाखवा लागे. वाटे, उद्या देऊ. आज त्यायच्या घरी सन हाय. पन एकबी… थैलीत ठेवून घेतली नाही.

हसनैन : बस करा काका. दम खा.

देवानंद : तू दोन म्हैने… ठेवली.

हसनैन : हो.

देवानंद : आता माह्या उशाशी उभा राहून काय करतं? मी तं पडूनच हावो. जे उभे हायेत… त्यायच्याकडं जाय. अन् दुकान उघड. नवी हाय का तुह्यापाशी?

हसनैन : हाय. सहा डब्बे. साल पाहून ठेवले.

देवानंद : मी बरा झालो की मलेबी लागन?

हसनैन : डॉक्टरले विचारू. बहुतेक हो म्हणतील. लसीत चार जातीचे चेहरे असतात, तुमाले एकच झाला.

देवानंद : बाकीचे तीन… नको मंग. जाय आता. वैजूले म्हन, दारात उभी राहून पाय दुखतीन.

वैजयंती : आयकलं मी. झोपा तुमी बाबा. चल हसनैन, बाहेर चल. फोन काढ.

हसनैन : इथूनच?

वैजयंती : इथूनच. अनसिंगले पोचेपर्यंत पुन्हा दुपारची संध्याकाळ करशीन. पयले कस्तुरामावशी. लाव.

हसनैन : लावला. वाजून राह्यला. मावशी? सलाम, मी हसनैन, मेडिकलवाला. काका बरे हायेत, कालपरीस बरे. नाही, औषधासाठी नाही केला फोन. एक गोष्ट सांगायची होती. जूनमध्ये तुमाले सुई दिली ना, ती जुन्या मोसमाची होती. माझ्याकडून झालं. हो, समजून दिली. मावशी, तुमाले जे बोलायचं ते मी घरी येऊन आयकतो, आधी मले हे सांगा, तब्येत बरी हाय ना? कधीपासून? कालपासून? अन् ताप? अंग दुखते का?

वैजयंती : काय म्हनते?

हसनैन : मावशी, जराक थांबा. ताई, काल दुपारपासून ताप हाय. म्हणते, सुई झाली हाय, निघून जाईन, म्हणून घरीच पडली होती.

वैजयंती : कालपासून म्हंजे दोन दिवस झाले नाही अजून. दे इकडं फोन. मावशी, मी वैजयंती. देवानंदची. आता उठा, लुगडं बदला, अन् पोराले म्हना गाडी काढ. घरी काढा पेत बसू नका. बाबाले आमी पाचव्या दिवशी आनलं, तुमाले आजच आना लागते. इथंच, वाशीमले, मी खाली उभी राह्यते, डॉक्टरले आताच सांगून ठेवते. हो, त्याच्यावर मागून रागावा. मीबी रागावनार हाय, आपुन दोघी मिळून रागावू. पन आता निघा.

हसनैन : निघाल्या?

वैजयंती : चप्पल शोधून राह्यल्या. सेवालालचा लाव. तांड्यावर रेंज नसते, पन तो ह्या टाइमाले वावरात असते, तिथं लागते.

हसनैन : लागला तर सुंदरबाईलेही त्याच्याच फोनवर सांगतो. ती मले सोडणार नाही.

वैजयंती : नको सोडू दे. अन् त्यायच्याकडं जातेवक्ती डॉक्टरची चिठ्ठी अन् नव्या सुया घेऊनच जाजो, नुसतं तोंड घेऊन नको जाऊ.

हसनैन : हो. मग ग्यानबाकाका राहतात. त्यायचा नंबर माझ्यापाशी नाही.

वैजयंती : त्यायले फोनवर आयकू येत नाही. त्यायच्या घरी तू आजच जाय; भाऊ परवा आला की मीबी अनसिंगले येते, मंग आपुन दोघं पुन्हा जाऊ.